उपभोगावरील कर आणि विकासाचा हिशेब

वस्तू व सेवा कराच्या मासिक वसुलीचा आकडा प्रसिद्ध झाला की त्याचे ठळक मथळे होतात. आकडा चढता असला तर अर्थव्यवस्था सुदृढ असल्याचा निर्वाळा दिला जातो. उतरता असला तर चिंतेचा सूर उमटतो. एप्रिल २०२५ मधील वसुली २.३७ लाख कोटी रुपयांवर गेली तेव्हा तिचे स्वागत विक्रम म्हणून झाले. २०२४-२५ या आर्थिक वर्षाची एकूण वसुली २२.०८ लाख कोटी रुपये होती. ही रक्कम सामान्य माणसाच्या कल्पनेत मावणारी नाही. परंतु तिचा उगम मात्र त्याच्याच खिशात आहे. प्राप्तिकराचे विवरणपत्र आयुष्यात कधी न भरलेली मोलकरीण साबणाची वडी विकत घेते, तेव्हा तीही सरकारी तिजोरीत भर घालत असते. या देशात कर भरणारे मूठभर आहेत, असे जे वारंवार बोलले जाते, ते प्राप्तिकरापुरतेच खरे आहे. उपभोगावरील कराच्या बाबतीत अवघा देश करदाता आहे.

म्हणूनच एक प्रश्न स्पष्टपणे विचारला पाहिजे. उपभोगावरील कराची वसुली वाढणे आणि देशाचा विकास होणे, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नेमका कोणता? पहिली गोष्ट दुसरीचे कारण आहे, परिणाम आहे, की दोहोंची नुसतीच सोबत आहे? विकसनशील देशांच्या अर्थकारणात या प्रश्नाला पुस्तकी महत्त्वापेक्षा अधिक महत्त्व आहे. कारण या देशांतील शाळा, दवाखाने, रस्ते आणि पाटबंधारे यांचा पैसा बव्हंशी याच करातून यायचा असतो.

आकडा काय सांगतो?

प्रथम आकड्याचीच छाननी करणे इष्ट. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी अमलात आला. २०१८-१९ हे त्याचे पहिले पूर्ण वर्ष. त्या वर्षी एकूण वसुली ११.७७ लाख कोटी रुपये होती. म्हणजे सहा वर्षांत ती दुपटीच्या जवळ गेली. वरवर पाहता ही प्रगती डोळे दिपवणारी आहे. परंतु याच सहा वर्षांत चालू किमतींनी मोजलेले राष्ट्रीय उत्पन्नही पावणेदोन पटीच्या आसपास वाढले. याचा अर्थ असा की वसुलीतील वाढीचा फार मोठा भाग हा उत्पन्नातील आणि किमतींतील वाढीचाच पडसाद आहे. कर टक्केवारीने आकारला जात असल्यामुळे भाव वाढले की कोणी एक छटाकही अधिक न खाता वसुली वाढते. गृहिणीला ज्या भाववाढीने घाम फुटतो, तीच भाववाढ तिजोरीच्या आकड्यात यश म्हणून उमटू शकते. शिवाय एकूण वसुलीत आयात मालावरील कराचा समावेश असतो आणि व्यापाऱ्यांना द्यावयाचा परतावा तीतून वजा केलेला नसतो. सबब, वाढती वसुली हा विकासाचा पुरावा मानण्यापूर्वी तीतून भाववाढ किती, आयात किती आणि परतावा किती, हे वजा करावयास हवे. जे उरेल तेवढ्याच्या बळावर अनुमान काढणे शास्त्रशुद्ध होईल.

उपभोगावरच भिस्त का?

विकसनशील देशांनी उपभोगावरील कराची कास धरली याला सबळ कारणे आहेत. प्राप्तिकर आकारावयाचा तर माणसाचे उत्पन्न कागदावर दिसावे लागते. जेथे बहुसंख्य लोक शेतीत, रोजंदारीत किंवा छोट्या धंद्यात आहेत, तेथे ते दिसत नाही. पगारदार कारकून आणि शिक्षक यांचे उत्पन्न तेवढे काचेच्या कपाटात ठेवल्यासारखे स्वच्छ दिसते. बंदरावर येणाऱ्या मालावर शुल्क बसवणे सोपे असल्याने पूर्वी या देशांची सरकारे आयात शुल्कावर निर्वाह करीत. व्यापार खुला होऊ लागला तसे हे शुल्क घटत गेले आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी मूल्यवर्धित कर पुढे आला. फ्रान्सने १९५४ मध्ये त्याचा पाया घातला. आयव्हरी कोस्टने १९६० मध्ये आणि ब्राझीलने १९६७ मध्ये त्याचा अंगीकार केला. आज जगातील १७० हून अधिक देशांत हा कर या ना त्या स्वरूपात अस्तित्वात आहे.

या कराच्या बाजूने तात्त्विक युक्तिवादही केला जातो. प्राप्तिकर हा मिळकतीवर पडतो, म्हणजे बचतीच्या वाट्याला येणाऱ्या पैशावरही पडतो. उपभोगावरील कर खर्च झालेल्या पैशावरच पडतो; बचत तेवढी मोकळी राहते. बचतीतून भांडवल उभे राहते, भांडवलातून उत्पादन वाढते. सबब उपभोगावरील कर विकासाला पोषक ठरतो, अशी ही मांडणी आहे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी १९५६ मध्ये भारतीय करपद्धतीवर जो अहवाल सादर केला, त्यात व्यक्तीच्या एकूण वार्षिक खर्चावर कर बसवण्याची सूचना होती. मात्र कॅल्डॉर यांच्या कल्पनेतील कर उधळ्या श्रीमंतांसाठी होता आणि खर्च वाढेल तसा त्याचा दर चढत जाणार होता. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९५७ मध्ये तो कायद्यात आणला. १९६२ मध्ये मोरारजी देसाई यांनी तो रद्द केला. १९६४ मध्ये तो पुन्हा अवतरला आणि १९६६ मध्ये कायमचा मावळला. उत्पन्न नगण्य आणि कटकट अधिक, अशी त्याची गत झाली. श्रीमंतांच्या उपभोगावरील कर अशा रीतीने इतिहासजमा झाला आणि सर्वांच्या उपभोगावरील कर मात्र विस्तारत गेला. या घटनेत पुढील सर्व चर्चेचे बीज आहे.

करावर कर

उपभोगावरील कर विकासाला साह्यभूत ठरतो की मारक, हे प्रथम त्याच्या रचनेवर अवलंबून असते. उदाहरण म्हणून कापडाचा प्रवास घ्यावा. सूत कातणारा १०० रुपयांचे सूत विकतो, विणकर त्यात १०० रुपयांच्या मूल्याची भर घालतो आणि दुकानदार आणखी १०० रुपयांची. प्रत्येक विक्रीवर १० टक्के कर असेल आणि आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नसेल, तर सूत ११० रुपयांना, विणलेले कापड २३१ रुपयांना आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडणारे कापड ३६४ रुपये १० पैशांना जाते. प्रत्यक्ष मूल्य ३०० रुपयांचे, कर ६४ रुपये १० पैसे. कागदावर दर १० टक्के असला तरी प्रत्यक्षात तो २१ टक्क्यांच्या वर गेला. मूल्यवर्धित करात प्रत्येक जण आपण विकत घेतलेल्या मालावरील कर वजा करून उरलेला भरतो. त्यामुळे तेच कापड ३३० रुपयांना पडते आणि दर सांगितला तेवढाच राहतो.

हा भेद केवळ अंकगणिताचा नाही. करावर कर चढत असेल तर कारखानदार सुटे भाग बाहेरून घेण्याऐवजी स्वतःच करू पाहतो, म्हणजे लहान कारखानदाराची मागणी बुडते. निर्यातीच्या मालात किती कर दडला आहे हे उमगत नाही आणि परदेशी बाजारात तो माल महाग ठरतो. भारताने या चक्रातून बाहेर पडण्यास फार काळ घेतला. मद्रास इलाख्यात १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आला, मुंबई इलाख्यात १९४६ मध्ये. उत्पादन शुल्कातून कच्च्या मालावरील शुल्काची मर्यादित वजावट देण्यास विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या १९८६ च्या अर्थसंकल्पाने प्रारंभ केला. महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत १ एप्रिल २००५ पासून विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि २०१७ मध्ये केंद्र व राज्ये यांचे कर एका साखळीत गुंफले गेले. जकात नाक्यावर ताटकळणाऱ्या मालमोटारींच्या रांगा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. मुंबईतील जकातही याच वेळी संपली. वाहतुकीतील हा खोळंबा दूर होणे हा विकासाला झालेला खरा लाभ होय आणि तो मान्य केलाच पाहिजे.

तथापि साखळी अद्याप पूर्ण झालेली नाही. पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू वस्तू व सेवा कराच्या बाहेरच आहेत. मालवाहतूक डिझेलवर चालते आणि त्यावरील कराची वजावट मिळत नाही. म्हणजे करावर कर पुढच्या दाराने गेला तरी मागच्या दाराने तो प्रत्येक वस्तूच्या किमतीत शिरतोच. केंद्र आणि राज्ये दोघांनाही हे उत्पन्न सोडवत नाही, हे त्याचे कारण उघड आहे.

असंघटित क्षेत्र हे दुसरे खिंडार. ज्या छोट्या कारागिराची नोंदणी नाही, त्याला वजावट नाही आणि म्हणून मोठा खरेदीदार त्याच्याकडून माल घेण्यास कचरतो. एम्रान आणि स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. मोठे असंघटित क्षेत्र असलेल्या देशाने आयात शुल्क काढून मूल्यवर्धित कर लादला तर लोकांच्या कल्याणात भर पडण्याऐवजी घटही होऊ शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. नाणेनिधीच्या बाउन्सगार्ड आणि कीन यांना त्याच वर्षी असे आढळले की, अतिगरीब देशांना आयात शुल्कातून गमावलेल्या प्रत्येक डॉलरपैकी फार तर ३० सेंट अन्य मार्गांनी भरून काढता आले. मूल्यवर्धित कर हे रामबाण औषध आहे, या समजुतीला बसलेली ही चपराक होती.

बोजा कोणाच्या माथी?

रचना निर्दोष मानली तरी न्यायाचा प्रश्न उरतोच. महिना ३० हजार रुपये मिळवणाऱ्या कारकुनाच्या घरात ते सर्व ३० हजार खर्च होतात. ३ लाख मिळवणाऱ्याच्या घरात, समजा, १ लाख २० हजार खर्च होतात आणि बाकीचे गुंतवले जातात. खर्चाच्या रुपयामागे सरासरी १० पैसे कर धरला तर कारकून आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा कर म्हणून देतो आणि श्रीमंत केवळ चार टक्के. बचत मोकळी ठेवणारा कर, असे ज्याचे गुणगान केले जाते, तो बचत करू शकणाऱ्याला मोकळा ठेवणारा कर ठरतो. ज्याची बचतच होत नाही, त्याला या गुणाचा उपयोग काय?

यावर उपाय म्हणून जीवनावश्यक वस्तू करमुक्त ठेवल्या जातात आणि त्याचा काही उपयोग होतोही. सुटे धान्य, भाजीपाला, ताजे दूध यांवर कर नाही. परंतु करमुक्ततेची सीमारेषा कोठे आखावी, याचा निर्णय नेहमी गरिबाच्या बाजूने लागतोच असे नाही. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद व छापील पट्टी लावलेल्या धान्यावर आणि पिठावर ५ टक्के कर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची फेररचना होऊन १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी मोडीत निघाले. ५ आणि १८ हे दोन मुख्य दर राहिले आणि चैनीच्या व अपायकारक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा दर ठरला. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरील कर रद्द झाला. विद्यार्थ्यांच्या पालकांना हा दिलासा निश्चितच स्वागतार्ह आहे.

परंतु ‘करमुक्त’ या शब्दाचा अर्थ सर्वसाधारण वाचक समजतो तसा नाही. वस्तू करमुक्त असेल तर ती तयार करणाऱ्याला त्याने कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. छापील पुस्तकावर कर नाही; पण याच फेररचनेत वह्यांच्या कागदाला सूट मिळाली आणि छपाईच्या बहुतेक कागदावरील दर १२ वरून १८ टक्के झाला. प्रकाशकाला तो कर कोठूनही परत मिळत नाही. तो पुस्तकाच्या किमतीतच जातो. विद्यार्थी करमुक्त पुस्तक घेतो आणि पावतीवर न दिसणारा कर भरतो. शेतकऱ्याचीही हीच कथा आहे. त्याच्या धान्यावर कर नाही, परंतु रासायनिक खतावर ५ टक्के आणि बहुतेक रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के तो भरतो. वजावट मागण्यास त्याच्यापाशी खातेवहीही नसते आणि हक्कही नसतो. दिसणाऱ्या करावर लोक बोलतात, न दिसणाऱ्या करावर कोणी बोलत नाही. राज्यकर्त्यांना दुसरा प्रकार अधिक सोयीचा वाटला तर नवल नाही.

ब्राझीलने या बाबतीत निराळी वाट चोखाळली आहे. डिसेंबर २०२३ मधील घटनादुरुस्तीने तेथे उपभोगावरील करांची पुनर्रचना ठरली आणि जानेवारी २०२५ च्या कायद्यात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यांनी भरलेल्या कराचा काही भाग परत देण्याची तरतूद झाली. स्वयंपाकाचा वायू आणि वीज यांसारख्या गोष्टी तिच्या केंद्रस्थानी आहेत. वस्तू करमुक्त केली तर तिचा लाभ बंगल्यातल्यालाही मिळतो. पैसा परत दिला तर तो ज्याचा त्याच्या घरी पोहोचतो. भारतात लक्षावधी कुटुंबांची बँक खाती उघडली गेली आहेत. ब्राझीलच्या प्रयोगाकडे येथील अर्थ मंत्रालयाने बारकाईने पाहावयास हरकत नाही.

घाना आणि केनियाचा धडा

यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित आहे. वसूल झालेला पैसा कोठे जातो?

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील सरकारने मार्च १९९५ मध्ये १७.५ टक्के दराने मूल्यवर्धित कर लागू केला. भाव भडकले, लोक रस्त्यावर आले, मे महिन्यातील आक्रा येथील निदर्शनांत माणसे मृत्युमुखी पडली आणि काही आठवड्यांतच सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. पुढे १९९८ च्या अखेरीस तोच कर १० टक्के दराने परत आणला गेला, तो पुरेशी तयारी करून आणि लोकांना समजावून. खरी मौज त्यानंतरची आहे. २००० मध्ये शिक्षण निधीसाठी अडीच टक्क्यांची आणि २००३ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय आरोग्य विम्यासाठी आणखी अडीच टक्क्यांची भर या कराला जोडण्यात आली. अवघ्या पाच-सहा वर्षांत १० टक्क्यांचा बोजा १५ टक्क्यांवर गेला. ज्या जनतेने १९९५ मध्ये सरकारला माघार घ्यायला लावली, तिने ही वाढ सोसली. दोन्ही वेळा पैसा लोकांच्याच खिशातून जात होता. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी तो शाळेकडे आणि दवाखान्याकडे जात आहे, असे त्यांना सांगता येत होते.

केनियात २०२४ मध्ये याच्या नेमके उलट घडले. वित्त विधेयकात पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कराचा प्रस्ताव होता. तो वगळल्यानंतरही तरुणांचा क्षोभ शमला नाही. २५ जून रोजी निदर्शक संसदेत घुसले, गोळीबारात बळी पडले आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करण्यास नकार दिला. तरुणांची तक्रार केवळ कराविरुद्ध नव्हती. राज्यकर्त्यांची उधळपट्टी आणि भ्रष्टाचार यांविरुद्धही होती. करातून काहीच परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली की कराचा दर कितीही लहान असला तरी तो खंडणीसारखा भासू लागतो.

नाणेनिधीच्या काही अभ्यासकांनी २०१६ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, करांचे एकूण उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पावणेतेरा टक्क्यांवर गेले की पुढील दशकात त्या देशाचे दरडोई उत्पन्न, त्या पातळीच्या जरा खाली राहिलेल्या देशांच्या तुलनेत, सुमारे साडेसात टक्क्यांनी अधिक झालेले दिसते. करवाढीच्या समर्थनार्थ या निष्कर्षाचा दाखला दिला जातो. परंतु ही काही जादूची रेषा नव्हे. जे राज्य एवढा कर गोळा करू शकते, ते बहुधा नोंदी ठेवू शकते, न्यायालये चालवू शकते आणि खर्चाचा जाब देऊ शकते. विकास त्या क्षमतेतून होतो. करवसुली ही त्या क्षमतेची खूण आहे. क्षमता न वाढवता नुसती वसुली वाढवणे म्हणजे ताप उतरावा म्हणून तापमापक बर्फात बुडवण्यासारखे आहे.

महाराष्ट्राची कमाई आणि विस्मरण

कर आणि त्याचे फळ यांची सांगड कशी घालावी, हे शिकण्यासाठी आफ्रिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून भारतातील दारिद्र्याविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात वरच्या स्तरांच्या उपभोगाला कात्री लावून त्या पैशातून दुर्बलांना काम द्यावे, असा विचार होता. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला, विक्रीकरावर व मोटार वाहन करावर जादा आकार घेण्यात आला आणि या विशेष करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच राज्य शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातला कारकून पगारपत्रकातील व्यवसाय कराच्या रकान्याकडे पाहून कुरकुरला असेल. पण दुष्काळी तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर त्याच पैशातून मजुरी मिळत होती. योजनेत गैरप्रकार झाले, कामे निकृष्ट झाली, निधी पडूनही राहिला. तरी कर कशासाठी आणि काम कोणासाठी, याचे उत्तर कायद्यात लिहिलेले होते. केंद्राने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे हाच आदर्श होता.

याच्याशी शिक्षण अधिभाराची तुलना करून पाहावी. केंद्राने २००४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी २ टक्के आणि २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का अधिभार आपल्या करांवर बसवला. हेतू उदात्त होता आणि नावही लोकांना पटणारे होते. परंतु माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या अधिभाराची रक्कम ज्यात जमा करावयाची त्या स्वतंत्र निधीला मंजुरी मिळाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. तोपर्यंत दहावी-बारावीच्या कित्येक तुकड्या शाळेतून बाहेर पडून संसाराला लागल्या. नाव शिक्षणाचे आणि पैसा सर्वसाधारण तिजोरीत, अशी ही व्यवस्था. अधिभाराचा पैसा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, हीसुद्धा केंद्राच्या दृष्टीने त्याची एक सोय आहे.

प्रत्येक कर एकेका कामाशी बांधून टाकावा, असे कोणताही जबाबदार अर्थशास्त्रज्ञ म्हणणार नाही. तसे केले तर एका खात्यात पैसा कुजतो आणि दुसऱ्यात टंचाई होते. आपत्तीच्या प्रसंगी सरकारचे हात मोकळे असावे लागतात, हा आक्षेपही रास्त आहे. परंतु पैसा बांधणे वेगळे आणि हिशेब देणे वेगळे. पहिल्याला हरकत असू शकते, दुसऱ्याला असू शकत नाही. जकातीच्या बाबतीतही हेच दिसते. जकात वाईट होती, व्यापाराला जाचक होती. पण ती शहराची स्वतःची मिळकत होती. तिच्या जागी महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळू लागली. त्यामुळे खोळंबा संपला, परंतु नागरिकाचा कर आणि त्याच्या नळाला येणारे पाणी यांमधला सरळ धागाही तुटला. तो नव्याने जोडण्याचा विचार गंभीरपणे झालेला नाही.

गोखल्यांचा प्रश्न

या सर्व विवेचनाचे सार महाराष्ट्राला फार पूर्वी सांगून झालेले आहे. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत त्या वेळी लागोपाठ शिल्लक पडत होती आणि ती भरभराटीची निशाणी म्हणून मिरवली जात होती. देश दुष्काळाने आणि प्लेगने गांजलेला असताना पडणारी ही शिल्लक समृद्धीची नसून गरजेबाहेर लादलेल्या करांची खूण आहे, असे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांतून दाखवून दिले. मिठावरील कर कमी करण्याची मागणी त्यांनी लावून धरली. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला. गरिबाच्या ताटातले मीठसुद्धा कराच्या भीतीने आखडते घेतले जात होते, हे त्यातून सिद्ध झाले.

तेव्हाचे सरकार परके होते, आजचे आपले आहे. म्हणून गोखल्यांचा प्रश्न कालबाह्य होत नाही. उलट तो विचारण्याचा अधिकार आता प्रत्येक नागरिकाचा आहे. उपभोगावरील कर विकसनशील देशाला टाळता येण्याजोगा नाही, आणि टाळूही नये. परंतु त्याला विकासाचे साधन म्हणवून घ्यावयाचे असेल तर तीन कसोट्यांना उतरावे लागेल. करावर कर चढणार नाही अशी त्याची साखळी सलग असली पाहिजे. ज्याच्या घरी बचत होत नाही त्याला भरलेल्या कराचा काही अंश परत मिळाला पाहिजे. आणि दरमहा वसुलीचा आकडा प्रसिद्ध होतो, त्याच ठळकपणे त्या पैशातून किती वर्ग उभे राहिले, किती दवाखान्यांत औषधे पोहोचली, किती गावांना पाणी मिळाले, याचाही आकडा प्रसिद्ध झाला पाहिजे. पहिल्या दोन कसोट्यांसाठी कायदे बदलावे लागतील. तिसरीसाठी इच्छेखेरीज कशाचीच आवश्यकता नाही.

वसुलीचा आकडा ही जमेची बाजू आहे. कोणताही कारकून सांगेल की एका बाजूवरून खातेवही जुळत नाही.